अख्खा केक

हॉटेलात शिरले की मी आधी वास घेते, मग पाण्याचा ग्लास उजेडाला धरून बघते आणि त्यानंतर मेनूकार्ड उघडते. राकेश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "तू जेवायला येतेस की धाड घालायला?" दर शनिवारी आम्ही बाहेर जेवतो आणि दर शनिवारी तो हे म्हणतो. माझं मत एवढंच, की जिभेला खोटं बोलायला शिकवू नये. पिठल्यात बेसन कच्चं राहिलं असेल तर ते कच्चंच. मग हॉटेलच्या भिंतीवर कितीही वारली चित्रं काढलेली असोत.

मी एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. एका अनुभवावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे वर्षाला दोनशे मुलांना सांगते. संशय यायला मात्र एक अनुभव पुरतो.

शनिवार बाहेरच्या खाण्याचा, तसा रविवार माझ्या ओव्हनचा. आणि ज्या संशयाबद्दल सांगतेय तो या ओव्हनमधूनच निघाला.

आमच्या वरच्या मजल्यावर हेमाकाकू राहतात. निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं सदाशिव पेठेत काढून त्या आणि श्यामसुंदरकाका कर्वेनगरात आले, आणि कर्वेनगरातल्या एकूण एक गोष्टीला नावं ठेवत सुखाने राहतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो तेव्हा हॉलमध्ये आधी बुद्धांची मूर्ती ठेवली आणि बाबासाहेबांचा फोटो लावला. त्याच संध्याकाळी काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या. फोटोकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाल्या, "छान लावलंत हो घर." मी त्यांचं ते पाहणं पाहिलं. हे पाहायला आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

पण बाई मला आवडली. खरंच आवडली. एक तर चहा उत्तम होता, आलं ठेचून घातलेला, किसून नव्हे. दुसरं म्हणजे खाण्यावर माझ्याइतकं प्रेम करणारं माणूस मला बिल्डिंगमध्ये दुसरं दिसलं नाही. पुढच्याच रविवारी मी त्यांना केक पाठवला.

त्यांच्या घरात अंडं चालत नाही. म्हणून त्यांचा केक वेगळा: वेगळं भांडं, वेगळा टिन, चमचासुद्धा वेगळा. दही आणि सोडा घालून केलेला. आमच्यासाठी अंड्याचा आणि वर पाठवायला बिनअंड्याचा, असे दर पंधरा दिवसांनी मी दोन केक करायचे. उद्या कोणी बोट ठेवायला जागा नको. आणि त्यांचा केक जायचा तो अख्खा. आपण कापून, चाखून, उष्टं करून दुसऱ्याच्या घरी काही पाठवायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण. आणि त्या घरी तर नाहीच नाही.

डबा कधी रिकामा परत आला नाही, हे मान्य करायला हवं. कधी नारळाच्या वड्या, कधी मेतकूट, कधी लिंबाचं लोणचं. आणि सोबत एक वाक्य: "फारच सुंदर झाला होता. तुमच्या हाताला चव आहे हो, दीक्षाताई."

पहिल्या वेळी मी हुरळले. दहाव्या वेळी कान टवकारले. शब्द तेच, क्रम तोच.

कारण याच काकू समोरच्या सलोनीशी कशा बोलतात ते मी ऐकत होते. सलोनी आयटीतली मुलगी, काकूंच्याच पोटजातीतली नसली तरी त्यांच्याच पेठांमधली. दिवाळीत तिने शंकरपाळे नेऊन दिले. काकूंनी एक तोंडात टाकला आणि जिन्यातच सुरू झाल्या: "अगं सलोनी, हे शंकरपाळे की फरशीचे तुकडे? मोहन घालताना तेल कडकडीत होतं का? नव्हतंच. काकांचा दात पडला तर तुझ्या आईला बिल पाठवीन हो."

सलोनी हसून हसून कठड्याला टेकली. "काकू, तुम्ही ना, टू मच आहात!"

हॉटेलवाले, दूधवाला, स्वतःची सख्खी बहीण, कोणी म्हणून त्यांच्या तोंडातून सुटलं नव्हतं. मग माझाच केक तेवढा दर वेळी फारच सुंदर कसा?

त्यात एका सोमवारी सकाळी कॉलेजला निघाले, तर गेटवर आमचे वॉचमन दत्तोबा चहा घेत बसलेले. समोर वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यावर केक. माझा. ट्रूटीफ्रूटी मी हाताने पेरते, लाल जास्त, हिरवी कमी. मी माझा केक कुठेही ओळखीन.

"कुठून आणला हो, दत्तोबा?"

"वरच्या काकूंनी दिला की. दर टायमाला देत्यात." त्यांनी तुकडा चहात बुडवला. "च्यात भिजवला की जातोय बघा. चांगला हाय."

"दर वेळी? किती देतात?"

"सगळाच देत्यात," दत्तोबा म्हणाले, आणि माझा चेहरा बघून चहाच्या कपात बघायला लागले.

मी स्कूटर सुरू केली आणि डहाणूकरच्या चौकापर्यंत कशी पोचले मला आठवत नाही. डोळ्यांत पाणी होतं ते वाऱ्याने, असं स्वतःला सांगत होते. दोन वर्षं. महिन्याला दोन. वेगळा टिन, वेगळा चमचा. आणि हातावरचं पीठ धुऊन, बरा गाऊन घालून मी स्वतः वर नेऊन द्यायचे.

रात्री राकेशला सांगितलं. तो खडकवासल्याच्या कालव्यावर इंजिनिअर आहे, त्याचा आवाज सहसा चढत नाही. "सोड ना," म्हणाला. "खातात, नाही खात. तुझी हौस म्हणून तू करतेस."

"तुला काही वाटत नाही?"

"मी ऑफिसात रोज सोडतो. तू घरी एक सोड." एवढं बोलून तो भांडी लावायला उठला. मला त्याचाही राग आला.

पण दोनशे मुलांना शिकवते ते स्वतःला लागू करायचं की नाही? मी पुरावा मांडला. दोन वर्षांत काकू माझ्या घरी अकरा वेळा आल्या. चहा चार वेळा घेतला, सात वेळा "आत्ताच झाला". म्हणजे पाणी वर्ज्य नाही, चहा वर्ज्य नाही, तरी सातदा नाही. सलोनीला त्या "अगं" म्हणतात. मी तिच्याहून फार तर बारा वर्षांनी मोठी, मला "दीक्षाताई" आणि "तुम्ही". अजून खात्री नव्हती. मग मी सापळा लावला.

पुढच्या रविवारी केक देताना म्हणाले, "काकू, या वेळी संत्र्याची साल किसून घातलीय. वास बघा हं." केकमध्ये संत्र्याचा मागमूस नव्हता.

तासाभरात डबा खाली आला, धुतलेला, आत मेतकूट. "काय सुंदर वास होता हो संत्र्याचा! फारच सुंदर. तुमच्या हाताला चव आहे."

मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. सापडली बाई. पण सापळ्यात उंदीर सापडल्यावर जो आनंद होतो तो काही झाला नाही.

तरी मी एक शेवटची चाचणी घेतली. काकाकाकूंना शनिवारी आमच्याबरोबर जेवायला बोलावलं, घरी नव्हे, बाहेर. येणार नाहीत असं मी धरून चालले होते. आले. काकू तर नऊवारीच्या तोडीची साडी नेसून आल्या आणि हॉटेलात शिरल्याशिरल्या त्यांनी वास घेतला. मग ग्लास उजेडाला धरला. राकेशने टेबलाखालून मला पाय मारला.

कोथिंबीरवडी आली. काकूंनी एक उचलली, मोडली, वेटरला बोलावलं. "यात कोथिंबीर कुठल्या बाजूला आहे? आम्ही त्या बाजूने खातो." वेटर बिचारा वडी फिरवून बघायला लागला. मग माझ्या ताटातल्या भरल्या वांग्याकडे काकूंची नजर गेली. "तुमचं बरं दिसतंय हो," म्हणून त्यांनी सरळ स्वतःचा चमचा माझ्या वाटीत घातला, चाखलं, आणि पुन्हा घातला. "दाण्याचं कूट खवट आहे. खाऊ नका."

कूट खवट होतं. मीही तेच म्हणणार होते. घरी येताना राकेश म्हणाला, "झालं समाधान? तुझ्या वाटीतलं खाल्लं त्यांनी."

"वाटी माझी. स्वयंपाक दुसऱ्याचा," मी म्हणाले. "हॉटेलात सगळेच खातात. प्रश्न माझ्या ओट्याचा आहे."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी, आमची जोडी किती जमली असती, हेच रस्ताभर डोक्यात येत राहिलं.

आणि मग काकांची पंचाहत्तरी आली. सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीस माणसं. सलोनीने लिफ्टच्या दारात, काकूंसमोरच, जाहीर केलं: "केक दीक्षाताई करणार! काकू, तुम्हीच म्हणता ना त्यांच्या हाताला चव आहे?"

काकूंचा चेहरा उतरला. स्पष्ट उतरला. "अगं, कशाला त्यांना त्रास? बाहेरून मागवू की. चाळीस माणसांचा म्हणजे..."

"मला त्रास नाही," मी म्हणाले.

"नको हो दीक्षाताई. खरंच नको."

लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, आम्ही तिघी तिथेच. चाळीस माणसं म्हणजे काकूंचे पेठेतले नातेवाईक. केक कोणी केला हे त्यांना सांगावं लागलं असतं. आता मला आकडेमोड करायची गरज उरली नव्हती.

त्या रविवारी मी एकच केक केला. बिनअंड्याचा. नेहमीसारखा टपोरा फुगला होता, वरून छान तांबूस. गार व्हायची वाटही न बघता डब्यात ठेवला, डब्यावर सुरी ठेवली आणि वर गेले. राकेश म्हणाला, "सुरी कशाला?" तोवर मी जिन्यात होते.

काकू एकट्याच होत्या. काका बँकेतल्या जुन्या मित्रांकडे गेले होते. मी डबा स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला, न विचारता खुर्ची ओढली आणि केक कापला. जाड तुकडा. त्यांच्याच ताटलीत त्यांच्यासमोर सरकवला.

"खा, काकू. माझ्यासमोर खा."

त्यांनी सुरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दत्तोबा बोलला वाटतं," म्हणाल्या.

"बोलले. आणि संत्रं मी घातलंच नव्हतं."

काकू खाली बसल्या. एवढीशी झालेली बाई मी पहिल्यांदा पाहिली. मला वाटलं आता सबबी येतील. मधुमेह, उपवास, दात. पण त्यांनी तुकडा उचलला आणि खाल्ला. अख्खा. एक घास, दुसरा घास, न थांबता, पाण्याशिवाय. शेवटचा कणसुद्धा बोटाने टिपला. मग दुसरा तुकडा कापून माझ्यापुढे ठेवला.

"आता तुम्ही खा."

"मी माझा केक..."

"हा खाल्लाय कधी? हा, बिनअंड्याचा?"

खाल्ला नव्हता. दोन वर्षांत एकदाही नाही. घरी आम्ही अंड्याचा खात होतो, आणि वर जाणारा केक उष्टा करायचा नाही म्हणून कधी कापलाच नव्हता.

मी घास घेतला.

साबण. दुसरा शब्द नाही. गोड लागतोय न लागतोय तोवर जिभेच्या मागे तो तुरट, खारट, धुण्याचा सोडा चाटल्यासारखा थर. अंडं नाही म्हणजे फुगणार नाही, या धास्तीने मी सोडा सढळ हाताने घालत होते, दर वेळी थोडा जास्तच. दिसायला केक देखणा. मी घास गिळला, आणि अख्ख्या पुण्यातल्या हॉटेलांना दोन वर्षं मी जे जे बोलले होते ते सगळं एकदम आठवलं.

"पहिल्या वेळी आम्ही दोघांनी एकेक तुकडा खाल्ला," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी ह्यांनी खाल्ला. रात्रभर पोट धरून बसले. मग दत्तोबाला द्यायला लागले. त्याला म्हटलं, आवडत नसेल तर टाक. तो म्हणाला चहात चालतो."

"मग मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. "सलोनीला जिन्यात उभं राहून सांगता! त्या वेटरला सांगता! दोन वर्षं मी साबण पाठवतेय आणि तुम्ही म्हणता फारच सुंदर?"

"तुम्हाला कसं सांगणार?"

"का? मला का नाही?"

त्या ताटलीच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. "सांगणारच होते. हे म्हणाले, नको. त्यांना वेगळं वाटेल."

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे तेच, जे तुम्हाला वाटलंच," काकू म्हणाल्या. "की पेठेतली म्हातारी, आपल्या हातचं म्हणून नावं ठेवतेय. आणि परवा चाळीस माणसं हा केक खाऊन नाकं मुरडणार, तीही आमच्याकडची माणसं. केकला नावं ठेवून थांबली असती का ती? मला माहितीयेत माझी माणसं. म्हणून नको म्हटलं."

मी शांत झाले नव्हते. उलट आता कुठे नेमकं कुठे लागलं ते कळत होतं. शिव्या सलोनीच्या वाट्याला, बिलाची धमकी तिच्या आईला, आणि मला? मला दोन वर्षं पाहुण्यासारखं बाहेरच्या खोलीत बसवून गोड बोलून वाटेला लावलं होतं. हे मी बोलून दाखवलं, याच शब्दांत.

"आणि तुम्ही?" काकू एकदम ताठ झाल्या. शाळेतल्या बाई दिसल्या मला. "दिवाळीनंतरच्या माझ्या नारळाच्या वड्या कशा होत्या?"

"छान होत्या."

"दगड होत्या. पाक पुढे गेला होता, मला माहितीये. तुम्ही काय म्हणालात? 'फारच छान, काकू.' हॉटेलात कूट खवट आहे हे तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं, मी बघत होते तुमच्याकडे. ही जीभ माझ्याच घरी येताना कुठे ठेवता? वेगळा टिन काय, वेगळा चमचा काय! मी मागितला होता वेगळा चमचा?"

राकेशने त्या वड्या पोळपाटावर ठेवून बत्त्याने फोडल्या होत्या. मी हे काकूंना सांगितलं. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि मग असं हसू फुटलं त्यांना, की खोकला आला. मीही हसले. हसताना रडूही आलं, ते मी लपवलं नाही.

मग त्यांनी मला अर्धा तास झाडलं. सोडा किती, तर सपाट पाव चमचा, "टेकडी नाही, सपाट." दही आंबट हवं, तुमचं फ्रिजमधलं गोडमिट्ट. ट्रूटीफ्रूटी हा पदार्थ नसून गुन्हा आहे. आणि गार व्हायच्या आत केक कापणारी बाई संख्याशास्त्र तरी काय शिकवत असेल. मी मध्येच उत्तरं देत होते, त्या ती खोडून काढत होत्या. इतकं बरं मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं.

दारापर्यंत त्या सोडायला आल्या. चपला घालत होते तेव्हा मागून हळूच, जुन्या, जपून टाकलेल्या आवाजात म्हणाल्या, "रागावला नाहीत ना?"

मी वळले. "सलोनीला विचारता का हे कधी?"

त्यांनी विचार केला. "नाही."

"का नाही?"

"ती काय, रागावली तरी उद्या येणारच आहे."

"आणि मी येणार नाही असं वाटतं?"

काकूंनी दाराची कडी धरली होती, ती सोडली, पुन्हा धरली. "दोन वर्षं रोज वाटतंय," त्या म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला. त्यांना माझी भीती वाटावी याचा आला, आणि ती भीती अगदीच खोटी नव्हती याचाही आला. त्या सोमवारी गेटवर मी मनातल्या मनात त्यांच्या घरची पायरी कायमची उतरलेच होते.

"रागावलेय, काकू," मी म्हणाले. "चांगली रागावलेय. उद्या संध्याकाळी येते."